लेकीची इंटरमिजिएट आणि खोलीत एकच बल्ब

लेकीची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली, निकाल लागला, सर्टिफिकेट पण हातात आलं, त्यामुळे आता निवांत लिहिते. जूनमध्ये मी नेटवर शोधत होते तेव्हा फॉर्म कधी सुटतो आणि दहावीला किती मार्क वाढतात एवढंच सगळीकडे सापडत होतं, पण पोरीला शेडिंग, म्हणजे चित्रातल्या उजेड-सावलीच्या छटा, जमत नसेल तर घरी नेमकं काय करायचं हे कुठंच धड नव्हतं. मी स्वतः चित्रकार वगैरे नाही, बँकेत नोकरी करते, कोल्हापुरात राहतो आम्ही. त्यामुळे हे आईच्या नजरेतून आहे असं समजून वाचा.

ज्यांच्या घरात अजून हा प्रकार आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शासकीय रेखाकला परीक्षा म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कला संचालनालय घेतं, फॉर्म शाळेतूनच भरायचा. पोरं साधारण आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट देतात, पहिली पास असल्याशिवाय दुसरीला बसता येत नाही. इंटरमिजिएटला दोन दिवसांत चार पेपर असतात, स्थिरचित्र (समोर मांडलेल्या वस्तू बघून), स्मरणचित्र (आठवणीतून), संकल्पचित्र (नक्षी, डिझाइन) आणि भूमिती-अक्षरलेखन. निकाल ए, बी, सी अशा ग्रेडमध्ये येतो आणि इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3. या सात मार्कांसाठी लोक काय काय करतात ते वेगळंच प्रकरण आहे, ते जाऊ दे.

आमच्याकडे एलिमेंटरीला सी आली होती. लेकीचं ड्रॉइंग वाईट नाही, घागर काढली तर घागरच दिसते, दोन्ही बाजू सारख्या येतात. पण तिचं प्रत्येक चित्र सपाट दिसायचं, कागदावर चिकटवल्यासारखं. शाळेतले चित्रकलेचे सर रिटायर झाले त्याला बरेच दिवस झाले होते आणि त्या जागेवर कुणी आलंच नव्हतं, दुसऱ्या विषयाच्या मॅडम तास सांभाळायच्या. त्यांनी पोरांना एक सोप्पं करून दिलं होतं, डावीकडे कोरं ठेवायचं, उजवीकडे काळं करायचं, मध्ये बोट फिरवायचं. सगळ्या वर्गाची चित्रं तशीच. त्या बाईंना तरी काय बोलायचं, त्यांचा विषयच तो नव्हे.

जूनच्या शेवटी शाळेनं फॉर्मची नोटीस लावली. आपल्याला फक्त माहिती, फोटो, एलिमेंटरीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि फी द्यायची असते, बाकी शाळा भरते. एक मात्र करा, फॉर्म भरून झाला की त्याची प्रिंट बघायला मागा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, आडनावाचा क्रम हे सगळं एलिमेंटरीच्या सर्टिफिकेटशी आणि शाळेच्या रजिस्टरशी जुळवून घ्या. आमच्या ओळखीत एकाच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं आणि ते दुरुस्त करायला त्यांना किती हेलपाटे घालावे लागले ते ऐकूनच मी शाळेत जाऊन बसले होते.

त्याच आठवड्यात एका सरांकडे शनिवार-रविवारचा क्लास लावला. फी महिना बाराशे, घरापासून लांब, त्यामुळे लेकीला सोडून परत येण्यापेक्षा मी तिथंच बसायचे. सरांनी पहिल्या दिवशी तिची वही चाळली आणि मला म्हणाले, "ताई, हिला वस्तू काढता येतीय, उजेड दिसत नाही अजून." मग तिला विचारलं, या घागरीवर उजेड कुठून येतोय? ती म्हणाली डावीकडून. "कशावरून?" तर म्हणे, "डावीकडूनच असतो ना." सर हसले नाहीत, रागावले पण नाहीत, म्हणाले पुढचा महिनाभर घागर बंद.

आता हा महिना फार महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते. सरांनी घरी करायला सांगितलं ते असं, खोलीतली ट्यूब बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, आणि टेबलाच्या डाव्या अंगाला जरा वरून एकच बल्ब. बस. आमच्या हॉलमध्ये दोन ट्यूब आणि एक पॅनल लाइट, त्या उजेडात टेबलावर पेला ठेवला तर त्याच्या तीन-तीन फिकट सावल्या पडतात आणि कुठलीच धड नसते. त्यात चाळीस वर्षांच्या माणसाला काही कळत नाही तर चौदा वर्षांच्या पोरीला काय कळणार. साधा एलईडी बल्ब आणि क्लिपवाला होल्डर मिळून अडीचशेच्या आत झालं. आमच्याकडे या कामाला बेडरूम मिळाली, आणि रोज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या बाकीच्यांनी मोबाईलचा टॉर्च घेऊन फिरायचं असा कायदा झाला.

वस्तू तरी काय, एक काड्यापेटी पांढरा कागद गुंडाळून, कागदाचीच एक सुरळी, आणि एक अंडं. पांढऱ्याच वस्तू का, तर रंगाचा गोंधळ नको. लाल डबा आणि पिवळं लिंबू शेजारी ठेवलं की डबा मुळातच गडद असतो, मग त्याचा गडदपणा रंगाचा किती आणि सावलीचा किती हे नवख्याला सुटत नाही.

काड्यापेटी एका दिवसात जमली. तिला तीन बाजू दिसतात, एक उजळ, एक मधली, एक काळी, आणि प्रत्येक बाजू कडेशी एकदम बदलते. खरी मजा अंड्यात आहे. पांढऱ्या कागदावर अंडं ठेवून मी पण तिच्या शेजारी बघत बसले. बल्बाच्या बाजूला वरती सगळ्यात उजळ ठिकाण, पण ते तारेसारखं चमकत नाही, कारण कवच खरखरीत असतं, उजेड पसरतो. तिथून पुढं हळूहळू मंद होत जातं. अंधार नेमका कुठून सुरू झाला तिथं बोट ठेवता येत नाही, संध्याकाळ किती वाजता झाली हे सांगता येत नाही ना, तसंच. आणि मग काळा पट्टा येतो. मला वाटायचं सगळ्यात काळं म्हणजे उजव्या कडेला असणार, पण तसं नाही, काळा पट्टा कडेच्या अलीकडे आहे आणि एकदम कडेला अंडं परत थोडं उजळलेलं आहे. सरांनी नंतर क्लासमध्ये अंड्याखालचा पांढरा कागद काढून काळा कार्डपेपर सरकवला आणि ती उजळलेली कड गेली! मग लाल ओढणीचं टोक ठेवलं तर अंड्याचं पोट खालून लालसर झालं. म्हणजे टेबलावर पडलेला उजेड उडून परत अंड्याला खालून लागतो. याला परावर्तित प्रकाश म्हणतात हे पुस्तकात सगळीकडे आहे, पण कागद बदलून बघेपर्यंत मला ते खरं वाटलं नव्हतं. हा खेळ घरी नक्की करा, पाच मिनिटं लागतात आणि अंडं नंतर खाता येतं.

इथं पोरं एक करतात, तो खालचा उजेड दिसला की त्याच्या प्रेमातच पडतात आणि ती कड पांढरीफटक ठेवतात. सरांचं यावर एकच वाक्य होतं, सावलीतलं सगळ्यात उजळ ठिकाण हे उजेडातल्या सगळ्यात मंद ठिकाणापेक्षा काळंच पाहिजे. हे वाक्य लेकीनं टेबलासमोर चिकटवलं होतं. वस्तू पाहताना डोळे किलकिले करायचे, बारीक छटा नाहीशा होतात आणि उजेडाचा एक भाग, सावलीचा एक भाग असे दोनच तुकडे उरतात. आधी त्या दोन तुकड्यांची हद्द हलक्या रेघेनं पाडून घ्यायची, सावलीचा सगळा तुकडा एकसारखा भरायचा, आणि मग आतल्या छटा.

टेबलावर पडलेल्या सावलीचं पण तेच, ती म्हणजे अंड्याखालचा काळा ठिपका नव्हे. अंडं जिथं टेकलंय तिथं ती सगळ्यात गडद, तिथं उजेड शिरतच नाही. लांब जाईल तशी फिकी होते आणि तिची कड पण फुसकी होत जाते. बल्ब खाली घेतला की सावली लांबते, वर नेला की आखडते. दिशा चुकली तर वस्तू टेबलावर बसतच नाही, तरंगते. लेकीच्या जुन्या वहीतल्या सगळ्या घागरी का तरंगत होत्या ते मला तेव्हा कळलं.

सामानाचं सांगते. एचबी, टूबी, फोरबी, सिक्सबी (बीचा आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ आणि काळी) एवढ्या पेन्सिली पुरतात, बारा-चौदा पेन्सिलींचा डबा घ्यायला दुकानदार सांगेल, नका घेऊ. कार्ट्रिज पेपर, म्हणजे ड्रॉइंगचा जाड कागद, सुटा मिळतो. पेन्सिल शार्पनरनं नाही तर कटरनं लांब टोक काढून तासायची, म्हणजे आडवी धरून भरता येते. एक मळता येणारं खोडरबर येतं, पिठासारखं, ते घासायचं नाही, दाबून उचलायचं, त्यानं गडद झालेली जागा थोडी फिकी करता येते. ते आमच्या नेहमीच्या दुकानात नव्हतं, मागवलं तर यायला आठ-दहा दिवस गेले. सगळं मिळून पाच-साडेपाचशे. आणि बोटानं घासणं बंद! बोटाला तेल असतं, कागदावर डाग पडतो आणि त्यावर मग पेन्सिल नीट धरत नाही. क्लासमध्ये कुणी बोट फिरवलं की सर नुसते खाकरायचे.

मग छटांची पट्टी. सात चौकोन, पहिला कोरा कागद, शेवटचा सिक्सबीनं जमेल तेवढा काळा, मधले पाच समान पायऱ्यांनी. ऐकायला बालवाडीचं वाटतं पण करून बघा, तिसरा-चौथा चौकोन सारखाच होतो आणि एकदम सहाव्यावर उडी जाते. लेक वैतागली, एकदा वही पण फेकली. पोरांना काळं करायची भीती वाटते, चित्र खराब होईल म्हणून, आणि त्यामुळे सगळं चित्र करड्या रंगात अडकून पडतं. सरांनी सांगितलं की चित्रात सगळ्यात आधी सगळ्यात काळी जागा भरून टाक, मग बाकीच्या छटा तिच्याशी ताडून ठरव. माझ्या मते अख्ख्या क्लासमधली सगळ्यात कामाची गोष्ट ही. काळं एकदा पक्कं झालं की बाकीचं कुठं थांबायचं ते आपोआप कळतं.

फोटो काढून शिकावं का असं बऱ्याच जणी विचारतात. चित्राचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघायला उत्तम, चित्र सपाट आहे का ते लगेच दिसतं. पण वस्तूचा फोटो काढून त्यावरून शेडिंग नको. मोबाईल स्वतःच सावल्या उजळवतो नाहीतर पार काळ्या करून टाकतो, आतल्या छटा राहत नाहीत.

जुलैच्या शेवटी घागर परत आली, आणि तिच्याबरोबर पितळी तांब्या, वांगं, मडकं. इथं कळलं की अंड्याचा नियम सगळीकडे तसाच चालत नाही. मडकं अंड्यासारखंच वागतं. वांग्यावर एक छोटा, धारदार, पांढरा ठिपका असतो आणि शेजारीच एकदम गडद. तांब्यात तर नेहमीची शेडिंग शोधायलाच जाऊ नये, त्यात खिडकी दिसते, शेजारचं वांगं दिसतं, आपण स्वतः दिसतो, उजळ पट्ट्याला लागून काळा पट्टा. जे दिसतं ते तुकड्या-तुकड्यानं जसंच्या तसं उतरवायचं, लांबून तो आपोआप पितळेचा होतो.

ऑगस्टमध्ये एका रविवारी सरांनी पोरांना राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात जायला सांगितलं. आपल्याला ते सिनेनट म्हणून माहीत, पण त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी पूड कागदावर घासून केलेली, निसर्गचित्रं तिथं आहेत, त्यांच्या राहत्या घरातच. पेन्सिलीच्या रेघा अशा नाहीतच, नुसत्या छटांवर झाडं, पाणी, लांबचे डोंगर उभे केलेत. लेक एका चित्रासमोर डोळे किलकिले करून उभी होती, मला फार बरं वाटलं. जाण्याआधी चालू आहे का बंद ते मात्र विचारून घ्या.

तिथून येताना हळदणकरांच्या त्या दिवा घेतलेल्या बाईचा विषय निघाला. ते चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असणार, हातात दिवा आणि दुसऱ्या हातानं ज्योत झाकलेली. कित्येक जण ते रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावळाराम हळदणकरांचं, मूळचे सावंतवाडीचे, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यातली बाई म्हणजे त्यांची मुलगी गीता, त्या पुढं गीताताई उपळेकर म्हणून आमच्या कोल्हापुरातच होत्या, 2018 मध्ये शंभरी ओलांडून गेल्या. शेडिंग शिकताना ते चित्र परत नीट बघा. उजेड एकाच ठिकाणाहून, तोही खालून, बोटांच्या मधून लालसर होऊन आलेला. ज्योत एवढी उजळ वाटते ती बाकी सगळं दाबून ठेवलंय म्हणून. आणि हे सगळं जलरंगात, जिथं उजेड म्हणजे आधीपासून राखलेला कागद, मागनं पांढरा रंग थापून आणलेला नाही.

रंग हा पुढचा डोंगर होता, कारण इंटरमिजिएटचं स्थिरचित्र रंगवायचं असतं. पोरांना सवय असते सावली म्हणजे मूळ रंगात काळा मिसळायचा. लिंबाच्या पिवळ्यात काळा टाकून बघा, हिरवा होतो, लिंबू नासल्यासारखं दिसतं. सरांनी पिवळ्यात किंचित जांभळा आणि तपकिरी घालायला लावला. मडक्याच्या विटकरीत निळा. पांढऱ्या कापडाच्या घडीत करडा नाही, पाणचट निळसर जांभळा. बल्बाचा उजेड पिवळा असेल तर सावल्या निळसर दिसतात, हे एकदा दिसायला लागलं की मग सगळीकडे दिसतं, मला तर बँकेच्या भिंतीवर पण दिसायला लागलं. पोस्टर कलर वापरणार असाल तर वाळल्यावर छटा बदलते, म्हणून कागदाच्या तुकड्यावर लावून वाळवून बघायची सवय लावा. जलरंग तर वाळला की फिका पडतोच.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सरांनी अचानक बल्ब काढून टाकला. म्हणाले, परीक्षेच्या हॉलमध्ये कोण तुमच्यासाठी बल्ब लावणारे? शाळेच्या वर्गात दोन बाजूंना खिडक्या, वर ट्यूब, मध्ये वस्तू मांडलेल्या आणि पोरं भोवतीनं बसलेली. कुणाला उजेड समोरून, कुणाला पाठीमागून. मग तिथं काय करायचं, तर बसल्या-बसल्या रंगाला हात न लावता आधी दोन-तीन मिनिटं नुसतं बघायचं, कुठली खिडकी जास्त जोरात आहे ते ठरवायचं, तीच आपला उजेड, बाकीच्या फिकट सावल्या सोडून द्यायच्या. घरचा एक बल्ब या निवडीसाठीच होता, हे मला तेव्हा उमगलं. शेवटचे दोन आठवडे रोज वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळेला, ट्यूब चालू ठेवून सराव केला.

हॉल तिकीट परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी शाळेतून मिळालं, केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. कागद तिथंच मिळतो, सीट नंबर सांगितलेल्या जागीच लिहायचा, बाकी पॅड, क्लिपा, पाण्याचा डबा, जुनं फडकं हे आपलं. पाण्यासाठी दोन डबे द्या, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ, नाहीतर पिवळा मळतो. पहिल्या दिवशी पाऊस होता, दारात पोरांचे रंगाचे डबे, छत्र्या, आया-बाप असा सगळा राडा. लेक बाहेर आली तर पहिलं वाक्य, "आई, मी खिडकीच्या समोर होते, वस्तूंची उजेडातली बाजू मला दिसतच नव्हती, सगळ्या काळ्या." म्हणजे उजेड वस्तूंच्या मागून होता. माझ्या पोटात गोळा. मग म्हणाली, "मी काळ्याच काढल्या, नुसत्या कडा उजळ ठेवल्या, आणि सावल्या माझ्याकडे आणल्या." आमच्या जुन्या डावीकडे कोरं-उजवीकडे काळं वाल्या पद्धतीत हे बसलंच नसतं. शेजारच्या पोरानं म्हणे तशाच खिडकीसमोर बसून डावीकडून उजेड दिला होता.

भूमितीचा पेपर आमचा जेमतेम गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, अक्षरलेखनाला वेळ पुरला नाही एवढंच.

निकालाला बरेच महिने गेले. मध्ये शाळेत विचारलं की "अजून आलेला नाही" हेच उत्तर, त्यामुळे फार मागं लागू नका, लागतो तेव्हा शाळेकडूनच कळतं. बी आली. आम्ही पेढे वाटण्याइतकी ग्रेड नाही, पण सीवरून बी, आणि स्थिरचित्राबद्दल तिचं तिलाच समाधान होतं. सर्टिफिकेट हाती यायला आणखी काही आठवडे. आलं की आधी नाव तपासा, मग दोन-तीन झेरॉक्स काढून मूळ प्रत घरी ठेवा. वाढीव गुणांचा प्रस्ताव दहावीच्या वर्षी शाळा बोर्डाकडे पाठवते, शाळेनं मागितलं की झेरॉक्स लगेच द्या आणि दिल्याची तारीख कुठंतरी लिहून ठेवा. आमची झेरॉक्स मागच्याच आठवड्यात क्लार्ककडे दिली, त्यांनी पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही करून दिलीय.